कुरणावरचा घोडा आणि स्पर्धेची तयारी : विल्टशायरमधील एका सेवेचे परीक्षण

इंग्लंडमध्ये घोडा दिवसरात्र कुरणावर ठेवण्याच्या सोयीला ग्रास लिव्हरी म्हणतात. पागेत जागा घेण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते, त्यामुळे बहुतेक मालक तिच्याकडे केवळ काटकसर म्हणून पाहतात. विल्टशायरमध्ये आमच्या मुलीचा घोडा जिथे आहे, तिथे मात्र कुरणावर राहणाऱ्या घोड्याकडून बीई ९० पातळीच्या (ब्रिटिश इव्हेंटिंग संस्थेची, सुमारे ९० सेंटिमीटर उंच अडथळ्यांची पातळी) इव्हेंटिंगची, म्हणजे शिस्तबद्ध चाली, मैदानातल्या उड्या आणि मोकळ्या रानातले अडथळे अशा तिहेरी स्पर्धेची, तयारी करून घेतली जाते, आणि ती चांगली होते.

सर्वांत वाखाणण्याजोगे आहे ते गवताचे नियोजन. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा पुरतो. वसंतातल्या कोवळ्या गवतावर मोकळा सोडला तर तो गरजेपेक्षा बराच जास्त खातो, पोट सुटते आणि लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतील पडद्यांच्या दाहाचा, धोका वाढतो. म्हणून येथे विजेच्या फितीचे कुंपण रोज थोडेच पुढे सरकवतात, छातीभोवती वजनाची फीत धरून आलेला आकडा दर आठवड्याला फळ्यावर मांडतात, आणि रात्री दंव पडून सकाळी लख्ख ऊन असेल, तर गवतात साखर साठलेली असते हे ओळखून घोड्यांना सुके गवत देऊन वाड्यात थांबवतात. लीद नियमित उचलली जाते, जंताचे औषध लीद तपासल्यावरच देतात, आणि यकृत निकामी करणारे रॅगवर्ट नावाचे तण दिसताच मुळासकट उपटतात.

दिवसभर हिंडणारा घोडा आपोआप कसदार होतो, हा समज येथे कोणी बाळगत नाही. आधी चढणीवर लांब चाल, मग दुडकी, आणि वेगाचे काम त्यानंतरच. त्या कामापूर्वी तासभर आधी घोड्याला गवतावरून आत घेतात, कारण भरल्या पोटी पळवल्यास त्याला श्वास पुरत नाही. चंदी, म्हणजे दाणा, काम वाढल्यावर त्या मानाने वाढवतात, आधीच नव्हे. हिवाळ्यात खराराही बेताने करतात, कारण केसांतला नैसर्गिक तेलकटपणाच पाऊस अंगात मुरू देत नाही.

हिवाळा हीच या जागेची दुबळी बाजू. फाटकाजवळ घोट्यापर्यंत चिखल होतो, टाचांमागची कातडी फुटते, आणि मैदानावर दिवे नसल्याने डिसेंबरात चारनंतर सराव जवळजवळ अशक्य होतो. नोकरी सांभाळून घोडा ठेवणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावे. चंदीचा खर्च भाड्यात धरलेला नाही.