लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला हॅम हँडहेल्ड, एक पावसाळा वापरल्यावर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा बाबा कुर्ल्यात अडकलेले, मोबाईल लागत नव्हता, रात्रभर आई दारात. ते डोक्यात होतं म्हणूनच हॅमची, म्हणजे हौशी वायरलेस रेडिओची, परीक्षा दिली, लायसन्स आलं आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या दुकानातून ५ वॉटचा ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारा) वॉकीटॉकीसारखा सेट घेतला. लायसन्स बघितल्याशिवाय काकांनी सेट हातात दिला नाही, हे मला फार आवडलं.

आवाज एकदम क्लिअर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे लांबवर पाठवणारं स्टेशन) पकडला की ठाण्यापर्यंत आरामात बोलणं होतं, पण रिपीटरच बंद पडला तर सेट टू सेट बिल्डिंगांच्या गर्दीत दोन-तीन किलोमीटरच्या पुढे काही खरं नाही. सोबतचा रबरी अँटेना अगदीच कमजोर, लांबवाला वेगळा घ्याच. आणि हा वॉटरप्रूफ नाहीये! मी झिपवाल्या पिशवीत ठेवून वापरतो.

अमेरिकेत स्कायवॉर्न नावाच्या हवामान खात्याच्या उपक्रमाचं ट्रेनिंग घेतलेले लोक वादळ डोळ्यांनी बघून हवामान खात्याला कळवतात, त्यात हॅमवाले भरपूर. आमच्या ग्रुपमध्ये तेच करतो, कुठल्या सबवेत किती पाणी, झाड कुठे पडलंय, जागा आणि वेळ सांगून मोकळं व्हायचं, चॅनल अडवायचा नाही. फक्त विजा चमकत असताना गच्चीवर अजिबात जाऊ नका, खिडकीतून दिसेल तेवढंच सांगा.

बॅटरी मात्र एक जास्तीची घेऊनच ठेवा.