जुने स्वस्तातले वेस्टर्न: आधी जॉन वेनचे की रँडॉल्फ स्कॉटचे?

कमी पैशांत, घाईघाईत काढलेले जुने अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काउबॉय चित्रपट, बघायचे ठरवलेत, तर मी दोनच संच पुढे ठेवेन. एक, 1933 ते 1935 या काळातले नट जॉन वेनचे ‘लोन स्टार’ शिक्क्याचे सोळा चित्रपट, मोनोग्राम कंपनीने वितरित केलेले. दुसरा, 1956 ते 1960 दरम्यान दिग्दर्शक बड बेटिकरने नट रँडॉल्फ स्कॉटला घेऊन केलेले सात चित्रपट. दोन्ही मला मनापासून आवडतात, पण ते एकाच माणसाने एकाच संध्याकाळी बघावेत असे नाहीत.

लोन स्टारचा चित्रपट तासाभराच्या आतच संपतो. कथा बहुतेक ठरलेली: कुणीतरी खोऱ्याचं पाणी किंवा सोन्याची खाण बळकावतोय आणि परगावाहून आलेला वेन त्याला उघडा पाडतो. संवाद ठोकळेबाज, नायिकेला काम जेमतेम. पण घोडे धावायला लागले की चित्रपटात जीव येतो. त्याचं मोठं श्रेय याकिमा कॅनट या स्टंटमनचं. वेनच्या जागी घोड्यावरून उडी मारणारा तोच, आणि बऱ्याचदा खलनायकाच्या टोळीतलाही तोच! पडद्यावरची मारामारी खरी वाटावी म्हणून कॅनट आणि वेन यांनी दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीबरोबर एक युक्ती बसवली. कॅमेरा अशा कोनात लावायचा, की मूठ चेहऱ्याजवळून नुसती सरकली तरी वर्मी बसल्यासारखी दिसावी. पुढे ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत बसवली ती याच कॅनटने.

यांतला एकच बघणार असाल तर ‘रँडी राइड्स अलोन’ (1934) बघा. वेन एका सलूनपाशी, म्हणजे दारूच्या गुत्त्यापाशी, येतो, आतून पियानोचे सूर ऐकू येतात. दार ढकलतो तर आत सगळीकडे प्रेतं पडलेली, पियानो आपोआप वाजणारा, आणि भिंतीवरच्या चित्रातले डोळे त्याच्यावर खिळलेले. या प्रसंगाला पैसा लागलेला नाही, लागलीय ती फक्त कल्पना. पुढचा भाग इतका भक्कम नाही, तरी या सुरुवातीसाठी तासभर खुशाल द्यावा.

बेटिकरच्या चित्रपटांत घाई कॅमेऱ्यामागे असते, पडद्यावर नाही. दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण, लांबी सव्वा तासाच्या आसपास, आणि पुष्कळदा कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या त्याच गोल, पिवळट शिळा. चार-पाच माणसं या शिळांमधून जातात, रात्री शेकोटीपाशी कॉफी पितात, बोलतात. खलनायक इतका गप्पिष्ट आणि आवडावा असा असतो, की शेवटी त्याला गोळी लागणार या कल्पनेनेच जीव खालीवर होतो.

‘द टॉल टी’मध्ये (1957) स्कॉट बग्गीच्या थांब्यावरच्या पोराला खाऊ आणायचं कबूल करतो. गावात तो पट्ट्यापट्ट्यांच्या गोड गोळ्या विकत घेतो, मग पैजेत घोडा हरतो आणि खोगीर खांद्यावर टाकून पायी निघतो. थांब्यावर परततो तोवर बाप आणि पोरगा मारले गेलेले असतात, विहिरीत टाकलेले. खून पडद्यावर दिसतच नाही. खाऊच्या त्या गोळ्या मात्र आपण त्याच्या हातात बघितलेल्या असतात, आणि म्हणूनच हा धक्का कुठल्याही रक्तपातापेक्षा खोल बसतो.

एक खोट दोन्हींकडे आहे. अमेरिकेचे मूळ रहिवासी इथे माणूस म्हणून फारसे दिसतच नाहीत, एक तर धोका म्हणून येतात नाही तर नायकाचे सोबती म्हणून. ते खटकतं, आणि खटकायलाच हवं.

घरात पोरं असतील, रविवारची दुपार असेल, तर वेन लावा. हे बरेचसे चित्रपट आता स्वामित्वहक्काबाहेर असल्यामुळे फुकट सापडतात. मात्र प्रिंट धुरकट निघाली किंवा ऐंशीच्या दशकात मागाहून चिकटवलेलं सिंथेसायझरचं संगीत वाजायला लागलं, तर ती प्रत सोडून दुसरी शोधा. एकट्याने, निवांत बघणार असाल तर बेटिकरच, त्यासाठी थोडे पैसे पडले तरी चालतील. सुरुवात ‘द टॉल टी’ने करा, मग ‘राइड लोनसम’ (1959). तो सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठी काढलेला आहे, म्हणून फोनवर बघू नका.