कंबरेपासून स्विंग शिकवणारा गोल्फवर्ग

येरवड्याजवळच्या या वर्गात चेंडू किती लांब गेला यापेक्षा शरीर कसे वळले याकडे लक्ष दिले जाते, हे मला विशेष भावले. बॅकस्विंगमध्ये (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेताना) खांदे साधारण ९० अंश आणि कंबर ४५ अंश वळावी, तर डाउनस्विंगची (क्लब चेंडूकडे खाली आणण्याची) सुरुवात हातांऐवजी कंबरेने व्हावी, हे प्रशिक्षक आधी क्लबशिवाय, हात छातीवर दुमडून घोटवून घेतात. मागे खुर्ची ठेवून स्विंगभर नितंबांचा तिला होणारा स्पर्श सुटू न देण्याचा सराव तर उत्तमच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा आधी उजवा आणि नंतर डावा नितंब तिला टेकतो, त्यामुळे कंबर चेंडूकडे सरकण्याची खोड लगेच उघडी पडते. दिवसभर बसून खुबे आखडलेल्यांनी हा वर्ग जरूर लावावा. शुल्क मात्र थोडे जास्त आहे.