ईफुटबॉल की रीमॅच?

सांगलीचा भाचा विचारतो, ‘मामा, ईफुटबॉल आणि रीमॅच या दोन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमपैकी कोणता? खऱ्या फुटबॉलसारखा गेम घेऊ की धमाल?’

खर्चात ईफुटबॉल पुढे. २०२१पासून फुकट, फोनवरही चालतो. २०२५चा रीमॅच विकत घ्यावा लागतो, वर पीसी किंवा कन्सोल हवाच.

खरेपणाचं मात्र गंमतशीर आहे. ईफुटबॉलमध्ये ऑफसाइड, फाऊल, दमणारे खेळाडू, सगळं आहे. पासचा जोर जमायलाच कितीतरी मॅचेस जातात. रीमॅचमध्ये ऑफसाइड-फाऊल नाहीत, बॉल भिंतीवर आपटून परत येतो. पण तुमच्या हाती एकच खेळाडू. जागा सोडलीत की गोल बसलाच! विश्रामबागेत पाच-पाच जणांत खेळताना अगदी हेच होतं.

एकट्याने, फोनवर, डावपेच रचत खेळायचं तर ईफुटबॉल. चार मित्र ऑनलाइन जमत असतील तर रीमॅचच घे, बाळा.