मोसिन नगांत पीयू स्नायपर: घ्यायची असेल तर आधी डावी बाजू बघा

मोसिन नगांत पीयू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत स्नायपर रायफल, पीयू हे तिच्यावरच्या स्कोपचं (दुर्बिणीचं) नाव. आधीच सांगून टाकतो, रायफल भारी आहे, स्कोप ठीकठाक आहे आणि विकणारे लोक जाम हुशार आहेत. त्यामुळे रिव्ह्यूचा अर्धा भाग खरेदीवरच जाणार आहे, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

मी ओहायोत असतो. इथल्या आपल्या लोकांसाठी पहिली गोष्ट, एच-वन-बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्सचा वगैरे अपवाद आहे पण तो वकिलाला विचारूनच वापरा, उगाच रायफलपायी स्टेटस घालवू नका. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुकांसाठी कलेक्टरचं सी अँड आर लायसन्स मिळतं, ते काढलं की असली रायफल थेट घरी मागवता येते, फक्त राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या. भारतातल्या भावांनी फक्त वाचून मजा घ्या, तिकडे साधी थ्री नॉट थ्रीसुद्धा प्रोहिबिटेड बोअरमध्ये (सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापात) येते, म्हणून तर ईशापूर फॅक्टरी पब्लिकसाठी .३१५ बनवते.

आता माल. मोसिन ९१/३० ही साधी सोव्हिएत सैनिकाची रायफल, त्यातल्या चांगल्या नेमाच्या निवडून त्यांना स्कोप लावायचे. आधी पीई, पीईएम असे ४ पॉवरचे स्कोप होते, मग १९४२ पासून ३.५ पॉवरचा छोटा पीयू आला जो खरं तर एसव्हीटी-४० ह्या दुसऱ्या सोव्हिएत रायफलसाठी बनवला होता. इझेव्स्क आणि तुला अशा दोन कारखान्यांत ह्या पीयूवाल्या बनल्या, पण तुलाच्या कमी, त्यामुळे त्यांचा भाव वेगळाच. युद्ध संपल्यावर ढिगानं स्नायपर परत साध्या केल्या, म्हणजे स्कोप काढला, रिसीव्हरची (बोल्ट बसतो त्या मधल्या भागाची) भोकं बुजवली, बॅरलवरचा स्कोपचा नंबर खोडला आणि वाकड्या दांड्याचा बोल्ट (गोळी आत ढकलणारा भाग) काढून सरळ दांड्याचा बसवला. त्यांना इथे एक्स-स्नायपर म्हणतात.

आणि गडबड इथूनच सुरू होते, कारण नवीन माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारा भाग), नवीन स्कोप, वाकडा बोल्ट सगळं सुटं विकत मिळतं, आणि कुठल्याही ९१/३० ला दोन भोकं पाडून कोणीही "ओरिजिनल स्टालिनग्राड स्नायपर" म्हणून टेबलावर ठेवू शकतो, गन शोला गेलात तर असे दोन-तीन हमखास दिसतील आणि प्रत्येकाची स्टोरी स्टालिनग्राडच्या प्रसिद्ध सोव्हिएत स्नायपर झाइत्सेवपासूनच सुरू होते. स्टोरी विकत घेऊ नका. बॅरलच्या मुळाशी डाव्या बाजूला स्कोपचा नंबर ठोकलेला असतो तो बघा, बुजवलेल्या भोकांच्या खुणा बघा, माउंटवरचा नंबर रायफलशी जुळतो का बघा. जुळला तरी हुरळून जाऊ नका, रिफर्बिशमेंटच्या (डेपोतल्या दुरुस्तीच्या) वेळी नंबर नव्यानं घालून जुळवलेले असतात, ते चालतं, तो सोव्हिएत डेपोचाच इतिहास आहे, पण किंमत त्या हिशोबानं द्या. एका दुकानदारानं मला नवाकोरा माउंट असलेली रायफल "आर्सेनल मॅचिंग" (सगळे नंबर डेपोतच जुळवलेली) म्हणून दाखवली, नंबर कुठाय विचारल्यावर म्हणाला घासला गेला असेल. हो का, बरं.

मी घेतली ती एक्स-स्नायपर, १९४३ ची इझेव्स्क, त्रिकोणातला बाण (इझेव्स्कचा शिक्का) स्पष्ट, परत स्कोप चढवलेली, आणि स्कोप रेप्लिका. विकणाऱ्यानं हे सगळं स्वतःहून सांगितलं आणि भावही तसाच लावला. अस्सल पीयू आता हजार डॉलरच्या पुढे जाते आणि मला वाजवायची होती, काचेच्या कपाटात ठेवायची नव्हती.

वाजवायला कशी? पहिला धक्का म्हणजे स्कोप इतका उंच की गाल दस्त्यावर टेकतच नाही, हनुवटी टेकते, आणि मान वर काढून बघावं लागतं. माझ्या उंचीच्या माणसाला चामड्याचं चीक पॅड लावल्याशिवाय इलाज नाही. डोळा स्कोपच्या बराच जवळ न्यावा लागतो आणि मागे रबर नाही, तेव्हा भुवई सांभाळा. स्कोप वर असल्यामुळे क्लिपनं पाच गोळ्या एकदम ढकलता येत नाहीत, एकेक भरायची. पण माउंटच्या खालून आयर्न साइट दिसतात, ही आयडिया मला फार आवडली. अजून एक, स्कोपवरचा नेम जुळवायचा ड्रम फिरवला की आत दिसणारी तीन दांड्यांची नेमाची खूण मध्यावरून सरकते, नवीन स्कोपची सवय असलेल्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, तसं नाहीये, त्या काळचे स्कोप तसेच. माउंटच्या मागचे वर-खालचे स्क्रू फिरवून आधी उंचीचा ढोबळ झीरो करायचा (म्हणजे नेम जुळवायचा) आणि मग ड्रम, ह्यात एक अख्खी दुपार जाते. ड्रमवर १३०० मीटरपर्यंत आकडे आहेत, वाचून हसू येतं.

नेम मात्र खरंच चांगला. जुनी स्वस्त सरप्लस गोळी (लष्कराच्या जुन्या साठ्यातली) टाकली तर पसारा होतो, पण सर्बियाची प्रवी पार्टिझान १८२ ग्रेन टाकली तर माझी रायफल १०० यार्डाला दोन इंचाच्या आसपास ग्रुप (गोळ्यांचा घोळका) देते, ऐंशी वर्षांच्या नळीकडून अजून काय पाहिजे? खांद्याला लागते, मागची पट्टी लोखंडी आहे, एनसीसीत .२२ मारून आलेल्यांनी तशीच सैल धरली तर रात्री बाम लागेल.

सरप्लस गोळीचा दुसरा त्रास म्हणजे तिच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढून गंज चढवतो. नुसत्या तेलानं तो जात नाही, त्याच दिवशी नळीतून गरम पाणी घालायचं, पुसायचं, वाळवायचं आणि मग तेल. बोल्ट दगडासारखा अडकत असेल तर बहुतेक वेळा चेंबरमध्ये (गोळी बसते तिथे) जुनं कॉस्मोलिन ग्रीस, म्हणजे साठवताना गंज लागू नये म्हणून लावलेलं, असतं, ते नीट काढलं की सुटतो, हातोडी आणायची गरज नाही.

रेप्लिका स्कोपवरून नाक मुरडणाऱ्यांसाठी, आमच्याच ओहायोत कॅम्प पेरीला सीएमपीची (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ह्या नेमबाजी संस्थेची) व्हिंटेज स्नायपर मॅच होते, दोघांची टीम, एक मारणार, एक स्पॉटर (दुर्बिणीतून बघून सांगणारा), मग अदलाबदल, ३०० आणि ६०० यार्ड, टार्गेट २० सेकंद वर राहतं. तिथेही रेप्लिका चालते. ६०० ला वारा वाचणारा पार्टनर नसेल तर स्कोप अस्सल असो की नकली, घंटा फरक पडत नाही.

मार्क द्यायचे तर रायफलला साडेचार, स्कोपला तीन, ट्रिगरला अडीच (जड आहे, नंतर सवय होते). सेफ्टीला शून्य, कारण मागची घुंडी ओढून फिरवायला पैलवान लागतो, म्हणून रेंजवर सरळ बोल्ट उघडा ठेवतो.