सर्व्हरच्या बँडविड्थला वेसण: इंजिनएक्समध्ये की टीसीने?

जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ देणारा एक छोटा लिनक्स सर्व्हर धरा. एकेक फाइल २०० एमबीची. डाउनलोड मॅनेजरवाले चार-पाच जण एकदम आले, की बाकीच्यांना साधं मुखपृष्ठही उघडत नाही.

आधी आपलं दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा. महिन्याचा कोटा संपतो म्हणून वेग कमी करत असाल, तर २०० एमबीची फाइल हळू गेली तरी २०० एमबीच खर्च होतात. सेकंदाला १ मेगाबिट अखंड ३० दिवस चाललं, तर ३२४ जीबी होतात. म्हणजे १ टीबीच्या कोट्यात सरासरी जेमतेम ३ मेगाबिट बसतात, आणि तेवढ्यावर साइट कोंबण्यात अर्थ नाही. तिथे पीडीएफ लहान करा, ब्राउझर कॅशिंग (वाचकाच्या ब्राउझरने फाइल जपून ठेवणं) नीट लावा आणि व्हीएनस्टॅट या वापर मोजणाऱ्या साधनाने रोजचा खप बघा.

गर्दीच्या वेळचा तुंबा हे दुखणं असेल, तर दोन वाटा आहेत: पानं-फाइली पुरवणारा वेब सर्व्हर इंजिनएक्स, नाहीतर टीसी (ट्रॅफिक कंट्रोल) हे लिनक्सचं साधन.

इंजिनएक्समधलं 'लिमिट रेट', म्हणजे वेगमर्यादेची सेटिंग, लावायला सर्वांत सोपं. फक्त पीडीएफच्या फोल्डरला लावता येतं, आणि 'लिमिट रेट आफ्टर' जोडलं की पहिले काही एमबी पूर्ण वेगाने जातात. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये हेच काम मॉड रेटलिमिट करतं. पण ही मर्यादा प्रत्येक विनंतीला वेगळी लागते. एकाने १६ कनेक्शनं उघडली की त्याला १६ पट वेग मिळतो. म्हणून सोबत कनेक्शनांच्या संख्येवर मर्यादा घालणारं 'लिमिट कॉन' हवंच. ते मात्र जपून लावा: मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात, आणि एचटीटीपी २ (वेबच्या नियमावलीची नवी आवृत्ती) मध्ये एकाच वेळी चालणारी प्रत्येक विनंती वेगळं कनेक्शन धरली जाते. पूर्ण साइटवर १ ची मर्यादा लावलीत, तर निरपराध वाचकांना एरर दिसेल.

टीसी हे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पातळीवर काम करतं. वेब, बॅकअप, एसएसएच (दुरून लॉगिन) असं नेटवर्क इंटरफेसवरून बाहेर जाणारं सगळं त्यात येतं. टीसीतल्या एचटीबी या पद्धतीने वाहतुकीचे वर्ग पाडताना एसएसएचला राखीव वाटा ठेवा, नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरवर लॉगिन करताना रखडाल. मला मात्र टीसीतलीच केक ही दुसरी पद्धत जास्त आवडते. ती ४.१९ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा द्यायचा आणि सोबत 'ड्युअल डीएसटी होस्ट' (dual-dsthost) हा पर्याय लावायचा. मग ती कनेक्शनं न मोजता वाचकाच्या आयपीगणिक वाटणी करते, त्यामुळे १६ कनेक्शनवाल्यालाही एकाच आयपीचा वाटा मिळतो. फोल्डरनुसार भेद मात्र तिला करता येत नाही.

एककांत फसू नका. इंजिनएक्समध्ये ५००के म्हणजे सेकंदाला ५०० किलोबाइट. टीसीत 'केबिट' म्हणजे किलोबिट, पण 'केबीपीएस' म्हणजे किलोबाइट! ही चूक थेट आठपटीची.

माझा कौल: व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण ताबा असलेला आभासी सर्व्हर) तुमचा असेल तर आधी केक, आणि मोठ्या फाइलींपुरतं लिमिट रेट. शेअर्ड होस्टिंगवर टीसी चालवायला लागणारे रूट (सर्वोच्च) अधिकार मिळतच नाहीत, तेव्हा तो प्रश्नच नाही. टीसीचे नियम रीबूटनंतर पुसले जातात, म्हणून ते सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये टाका आणि एकदा मुद्दाम रीबूट करून बघा.