नऊ महिने क्रिप्टो फॉसेट वापरलं, त्यातले अडीच महिने ‘प्रॉक्सी’ म्हणून दाराबाहेर

आधीच सांगतो, श्रीमंत व्हायचा रस्ता शोधत आला असाल तर इथूनच मागे फिरा. नऊ महिन्यांत माझे झाले साधारण ६,१०० सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी, बिटकॉइन एक कोटी रुपयाला धरला तर सातोशी पडतो दहा पैशाला, म्हणजे झाले सहाशे दहा रुपये. त्यात अडीच महिने मी ब्लॉक होतो. ते का झालं आणि चूक कुणाची निघाली त्यासाठी हे सगळं लिहितोय, नाहीतर सहाशे रुपयाचा रिव्ह्यू कोण लिहितं.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला. सकाळी नऊ ते रात्री आठ पीसी चालूच. मागच्या दिवाळीत गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मावसभावाने ही साइट दाखवली, तासाला एकदा बटण दाबायचं (याला क्लेम म्हणतात), कॅपचा सोडवायचा, म्हणजे आपण माणूसच आहोत हे दाखवायचं छोटं कोडं, तीन सातोशी जमा. वर शॉर्टलिंक आहेत, म्हणजे तीन-चार जाहिरातीच्या पानांतून फिरून परत यायचं, त्याचे थोडे जास्त मिळतात. हजार सातोशी झाले की वॉलेटवर, म्हणजे आपल्या क्रिप्टोच्या पाकिटात, काढता येतात. फॉसेट म्हणजे नळ, आणि आमच्याकडे खऱ्या नळालाच पाणी दिवसाआड येतं त्यामुळे थेंब थेंब साठवायची सवय होतीच.

हा प्रकार नवा नाही बरं का. पहिलं फॉसेट २०१० साली गॅव्हिन अँड्रेसन नावाच्या प्रोग्रामरने काढलं, बिटकॉइन लोकांच्या हातात पडावा म्हणून, आणि कॅपचा सोडवला की तो सरळ पाच बिटकॉइन द्यायचा. पाच! वरच्याच हिशोबाने आज पाच कोटी. मी २०१० ला दहावीचे पेपर देत होतो, जाऊद्या.

पहिले चार महिने काही तक्रार नाही. पैसे वेळेवर निघाले, दोनदा काढले. मग एकदा सकाळी साइट उघडली तर लाल पट्टी, ‘प्रॉक्सी किंवा व्हीपीएन आढळला, क्लेम बंद’. दोन्हीचा अर्थ साधारण एकच, स्वतःचा पत्ता लपवून दुसऱ्याच कॉम्प्युटरमार्फत नेट वापरायचं. मी आयुष्यात व्हीपीएन लावलेला नाही. मला वाटलं आज काहीतरी गडबड असेल, उद्या होईल. उद्या पण तेच, आठवड्याने पण तेच, आणि खात्यात ९४० सातोशी अडकलेले, हजाराला साठ कमी. तिकीट टाकलं, म्हणजे साइटकडे तक्रार केली, तर दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर, की तुमचा आयपी (नेटवरचा आपल्या लाइनचा पत्ता) खराब आहे, बॉट (माणसाऐवजी बटण दाबणारे प्रोग्राम) फार झालेत म्हणून सगळे प्रॉक्सी बंद केलेत, साफ आयपीवरून या. आता आयपी काय शर्ट आहे का धुवून घालायला.

तेव्हा रागारागाने वाचत बसलो आणि बरंच कळलं. अशा साइटचा मालक पैसे स्वतःच्या खिशातून वाटत नाही, जाहिरातवाल्याकडून घेतो आणि त्यातला तुकडा आपल्याला देतो. शॉर्टलिंकवाले तर बहुतेक ठिकाणी एका आयपीचा चोवीस तासात एकच व्ह्यू मोजतात. बॉटने हजार वेळा पान उघडलं तर जाहिरातवाला ते व्ह्यू कापून टाकतो, पण मालकाने हजार वेळचे सातोशी तर वाटलेले असतात. शिवाय भारतातल्या व्ह्यूला दर कमी, अमेरिका-जर्मनीच्या व्ह्यूला जास्त, म्हणून लोक प्रॉक्सी लावून अमेरिकेचे होतात आणि तिकडचे सर्व्हे भरतात, नंतर कंपनीला कळलं की ते पैसे उलटे मालकाकडून वसूल होतात. म्हणजे मालक उगाच त्रास देत नाही, त्याच्या खिशाला भोक पडलंय आणि तो हाताला लागेल ते बोळे कोंबतोय.

आणि कॅपचा काही थांबवत नाही. कॅपचा सोडवून देणारे लोक भाड्याने मिळतात, हजार साधे कॅपचा एक-दोन डॉलरमध्ये. हिशोब करा, हजार क्लेमचे तीन हजार सातोशी म्हणजे तीनशे रुपये, त्यातले शंभर-दीडशे कॅपचाला गेले तरी बॉटवाल्याला उरतात. त्याला आता फक्त आयपी पाहिजेत. डेटासेंटरचे आयपी, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचे, एकदम स्वस्त मिळतात, पण ओळखू पण लगेच येतात कारण तो पत्ता कुठल्या होस्टिंग कंपनीच्या नावावर आहे ते उघड असतं, आणि सर्व्हरमध्ये बसून कुणी माणूस नळाखाली बादली लावत नाही. ते ब्लॉक केले की बॉटवाल्याला घरगुती प्रॉक्सी, म्हणजे साध्या घरादुकानांच्या लाइनचे आयपी, विकत घ्यावे लागतात, ते जीबीवर मिळतात, डॉलरमध्ये, आणि तिथे त्याचा नफा संपत येतो. म्हणून डेटासेंटरवाले दारातच अडवा, त्याला माझी काडीची हरकत नाही. बॉट पूर्ण कधीच बंद होणार नाहीत, ते परवडेनासे करायचे एवढंच हातात आहे.

पण आमच्या साइटने काय केलं, आयपी तपासणाऱ्यांच्या यादीत ज्याच्या नावापुढे थोडा जरी संशय असेल ते सगळे एकदम उडवले. आणि घरगुती नेटवर हा संशय म्हणजे काय चीज आहे ते मला राउटर उघडल्यावर कळलं. आमच्याकडे केबलवाल्याचंच नेट आहे, त्याच्या राउटरमध्ये बघितलं तर माझा पत्ता १०० पासून सुरू होणारा, शंभर बिंदू बहात्तर असं काहीतरी, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर दिसतो भलताच. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे आयपी जगात मिळून चारशे एकोणतीस कोटी आहेत, माणसं आणि मोबाइल त्याहून जास्त झाले, म्हणून २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची एक रांग ह्याच कामाला वेगळी काढून ठेवली, की नेटवाल्याने आतल्या आत हे पत्ते वाटायचे आणि बाहेर एकच खरा पत्ता दाखवायचा. वाड्याला एकच दरवाजा आणि आत चाळीस बिऱ्हाडं तसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एकाच माणसाची चाळीस खाती आहेत. आमच्या पेठेतला कुणीही उद्योग केला तरी डाग सगळ्यांना.

मग मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ट्राय केलं. चालू! सिमच्या आयपीमागे हजारो माणसं असतात म्हणून तो कुणी ब्लॉक करायच्या भानगडीत पडत नाही, सगळं गिऱ्हाईकच जाईल. पण यातली गंमत बघा, मोबाइलचा एरोप्लेन मोड चालू करून बंद केला की बऱ्याचदा नवीन आयपी मिळतो, पाच सेकंदाचं काम. म्हणजे ज्याला दहा खाती चालवायचीत तो एक सिम घेऊन आरामात चालवतोय आणि मी वायरच्या नेटवर एकच खातं घेऊन प्रामाणिकपणे बसलोय तर मी चोर. हे मी तिकिटात लिहिलं पण, जरा जास्तच तिखट लिहिलं. उत्तर आलं नाही.

हॉटस्पॉटवर आठवडाभर चालवलं आणि मग खातं पूर्णच लॉक झालं, कारण आधी एका ठिकाणचा आयपी मग दुसऱ्या, वर माझं आणि मावसभावाचं खातं पूर्वी एकाच आयपीवरून चाललेलं, ‘एकापेक्षा जास्त खाती’. दोघं वेगळी माणसं आहोत हो, त्याला मिशा पण आहेत.

जे खरोखर व्हीपीएन वापरतात त्यांचं तर विचारू नका. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायची, त्यावर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर उचलले. एक्स्प्रेसने मग भारताचा आयपी द्यायचा पण सर्व्हर सिंगापूर-लंडनला ठेवायचा असं सुरू केलं. असा आयपी तपासणाऱ्याला काय दिसणार, पत्ता भारताचा आणि वास सिंगापूरचा, गेला ब्लॉकमध्ये. ज्याला नुसती प्रायव्हसी पाहिजे होती तो पण बॉटच्याच रांगेत.

आता मुख्य गोष्ट. ब्लॉक होऊन दोन महिने झाले असतील, मी मालकाला मनातल्या मनात रोज शिव्या घालतोय, आणि एक दिवस नेटवाल्याचा पोरगा बिल घ्यायला आला आणि म्हणाला, शेठ तुमच्या लाइनवर अपलोड एवढं कसं जातंय, रात्री दोन वाजता पण चालू असतं, कॅमेरे बसवलेत का. कॅमेरा आहे एक, तो पण बंद पडलेला. राउटरमध्ये बघितलं तर दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवरून जात होतं. तो लॅपटॉप मावसभाऊ वापरतो, त्याच्या खोलीला नेट नाही म्हणून रात्री दुकानातच चार्जिंगला लावून जातो.

विचारलं तर म्हणाला, अरे दादा ते एक ॲप आहे, काही करायला लागत नाही, आपलं उरलेलं नेट शेअर करायचं आणि डॉलर मिळतात.

उरलेलं नेट शेअर करायचं म्हणजे काय ते मग मी शोधलं. तुमच्या लाइनवरून दुसरीच माणसं इंटरनेट वापरतात. कंपनी तुमचा आयपी घरगुती प्रॉक्सी म्हणून जीबीवर विकते आणि त्यातले चार पैसे तुम्हाला देते. काही गिऱ्हाईक बरी असतात, किमती तपासणारे, जाहिराती तपासणारे, आणि काही जण तेच, बॉटवाले. म्हणजे दोन महिने मी ज्या यादीला शिव्या घालत होतो ती यादी बरोबर होती. माझी लाइन प्रॉक्सीच होती. माझ्या दुकानातून कुणी कुठला भलताच माणूस कदाचित त्याच फॉसेटवर बटण दाबत असेल, माझ्याच विजेवर, आणि सीजीनॅटमुळे अख्ख्या पेठेच्या आयपीला डाग लागला तो वेगळा.

हा तरी राजीखुशीचा मामला, मावसभावाने अटी न वाचता ओके दाबलं होतं. कित्येकांना तेवढंही विचारत नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं जाळं पकडलं, त्यात १ कोटी ९० लाखांवर आयपी होते, जवळजवळ दोनशे देशांतले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकट व्हीपीएन ॲप लोकांनी टाकलेली आणि मागच्या दाराने त्यांचा कॉम्प्युटर प्रॉक्सी म्हणून भाड्याने चाललेला, त्यांना पत्ताच नाही. तुमच्याकडे फुकट व्हीपीएन असेल तर आज रात्री जरा बघा काय काय चालू आहे ते.

ॲप काढलं, लॅपटॉप फॉरमॅट केला, राउटरचा पासवर्ड बदलला (केबलवाल्याने ठेवलेला ॲडमिन-ॲडमिनच होता, चार वर्षं). तीन आठवड्यांनी आयपी तपासला तर शेरा गेलेला. तिकिटात सगळं खरं खरं लिहिलं, मावसभावासकट, आणि ह्या वेळी मालकाचं माणसासारखं उत्तर आलं. खातं उघडलं. ९४० जसेच्या तसे होते. त्याने लिहिलं होतं की सगळे प्रॉक्सी बंद केल्यावर पंधरा दिवस बॉट कमी झाले, मग घरगुती आयपी घेऊन परत आले, आणि दरम्यान माझ्यासारखे बरेच गेले ते आलेच नाहीत. म्हणून आता त्याने पद्धत बदलली आहे. सर्व्हरवाले आयपी दारातच बंद, बाकी संशय असेल तर क्लेम करू देतो पण पैसे काढताना सात दिवस थांबवतो आणि बघतो, की क्लेमच्या वेळा माणसासारख्या आहेत का. बॉट रात्री तीनला पण दर तासाच्या ठोक्याला येतो. माझ्या क्लेममध्ये दुपारी जेवणाचं भगदाड आहे आणि बाजाराच्या दिवशी तर क्लेमच नाहीत कारण दुकानात गर्दी. ह्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे माणूस असल्याचा.

मला हे पटलं, पटलं म्हणून पाचातले साडेतीन स्टार देतोय, अडीच महिन्यांपूर्वी एक दिला असता. दीड कापला त्याचं कारण सांगतो. ब्लॉक करायचंच असेल तर पहिल्याच क्लेमला करा, चार महिने घेऊ द्यायचं, जाहिराती बघून घ्यायच्या आणि हजाराला साठ कमी असताना पट्टी लावायची हे बरं दिसत नाही. दुसरं, पट्टीवर नीट लिहा. ‘तुमच्या लाइनवरून प्रॉक्सी चालतोय असं दिसतं, घरातली ॲप तपासा’ एवढं एक वाक्य असतं तर मला दोन महिने आधी कळलं असतं. मला वाटलं मशीन वेडं झालंय.

नेटवाल्याला वेगळा पब्लिक आयपी विचारला होता मध्येच, वर्षाला अठराशे म्हणाला. सहाशे दहाच्या कमाईसाठी अठराशे, वर क्रिप्टोवर नफ्याला तीस टक्के टॅक्स २०२२ पासून आहेच. नको म्हटलं.

क्लेम अजून करतो, चहा आला की एक. मावसभाऊ मात्र रुसलाय. त्याचं ते ॲप वीस डॉलर झाल्याशिवाय पैसे देत नाही आणि त्याचे अकरा झाले होते, ते माझ्यामुळे बुडाले म्हणतो. परवा जेवायला आला तेव्हा मावशीसमोर पण काढलं त्याने. मावशी म्हणाली, अकरा डॉलर म्हणजे किती रे? मी सांगितलं साडेनऊशे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिच्या पोराच्या ताटातली भाकरी उचलली.